गॅब्रिएलचं हसू

नंदाखालच्या सॅन्टनशी बेलाचं लग्न ठरलं, तेव्हा वटारला तिच्या माहेरी जो येई तो एकच गोष्ट सांगून जाई: मुलगा हसरा आहे. केळीची वाडी आहे, सुकेळ्यांचा धंदा आहे, आईबाप दोघंही देवाघरी गेलेत, म्हणजे सासुरवासाचं झंझट नाही, हे सगळं मागाहून. आधी हसरा. बेलाचा बाप नाकावर राग घेऊन फिरणारा माणूस. हसरा जावई मिळतोय म्हटल्यावर त्यानं फार खोलात चौकशी केली नाही.

१९५१च्या जानेवारीत लग्न झालं आणि सॅन्टन खरोखरच हसरा निघाला. देवळाच्या पायऱ्यांवर हसला, मांडवात हसला, वाढप्यांशी हसला. ते हसू ऐकण्यासारखं होतं. मान मागे टाकायची, मोकळ्या गळ्यानं तीनदा हा हा हा, तिसऱ्या हा-बरोबर उजव्या हातानं मांडीवर थाप, आणि मग डाव्या मनगटानं डोळा पुसायचा. ऐकणाऱ्यालाही हसू फुटे. बेलालाही फुटलं.

नंतर तिला काही खटकलं नाही असं नाही. खटकलं, पण नव्या नवरीनं खटकल्याचं बोलायचं नसतं. सॅन्टन बाहेरून आला, दार लोटलं, की त्याचा चेहरा जायचा. दमलेल्या माणसाचा उतरतो तसा नव्हे. सदरा काढून खुंटीला लावावा तसा. मग तो मागच्या ओट्यावर गुडघे जवळ घेऊन बसे आणि तास तास पुढे-मागे झुले. काय झालं विचारलं तर म्हणे, “काय नाय.” तो आवाजही बाहेरचा नव्हता. प्रत्येक शब्द सुटा, सपाट. ती नारळ खवायला बसली की कानावर हात ठेवून वाडीच्या पार टोकाला निघून जाई.

आणखी एक गोष्ट होती, पण तिच्याकडे बेलानं तेव्हा लक्ष दिलं नाही. तिन्हीसांजेला ती चूल पेटवायला आत गेली, की भिंतीवरच्या फळीवर, पितळी डब्याच्या उजव्या अंगाला, एक सुकेळं ठेवलेलं असे. रोज तिथंच, देठाकडची बाजू दाराकडे. निवडताना उरलेलं असेल, असं समजून ती ते खाऊन टाकी.

एप्रिलची गोष्ट. सुकेळ्यांचे दिवस ऐन भरात होते. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात पसरायची, रोज उलटायची, आठवडाभरानं मधाच्या रंगाची झाली की वाळक्या पानात बांधायची. सॅन्टनच्या हातचं सुकेळं आगाशीच्या बाजारात डोळे मिटून उचलत. दुपारची वेळ होती. गाव जेवून आडवं झालं होतं. बेला पाण्याची कळशी घेऊन केळी पिकवायच्या खोलीकडे गेली. त्या खोलीला खिडकी नाही. दार अर्धं उघडं होतं आणि आतून गोड, जड वास येत होता.

सॅन्टन आत दाराकडे पाठ करून उभा होता. समोर कुडाला पत्र्याचा छोटा आरसा अडकवलेला. त्याचा चेहरा आरशात दिसत होता आणि त्यावर काहीच नव्हतं. मग मान मागे गेली. तोंड उघडलं, छाती तीनदा हलली, हात मांडीवर पडला, मनगट डोळ्याकडे गेलं. आवाज मात्र नाही. सगळं झाल्यावर चेहरा पुन्हा कोरा. परत मान मागे गेली. बेलानं मोजलं नव्हतं, पण सात-आठ वेळा तरी झालं असावं. आणि सगळ्या वेळा एकसारख्या होत्या.

ती कळशी तिथंच ठेवून मागच्या मागे फिरली. त्या दुपारी तिच्या अंगाला जो गारठा आला तो चुलीपुढे बसूनही गेला नाही. संध्याकाळी सॅन्टन रस्त्यावर कोणाशी तरी बोलताना हसला. घरात बसून तिला ते ऐकू आलं, आणि तिनं क्रुसाची खूण केली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारची फ्लॉसी भेटली. फ्लॉसीच्या पोटात काही राहत नसे. हे एवढं मात्र तिनं तीन महिने ठेवलं होतं. बेलाचा चेहरा बघून तिनं दोर सोडला आणि काठावर बसली.

“बघितलंस ना?” ती म्हणाली.

“काय बघितलं?”

“गॅब्रिएलला.”

मग तिनं सांगितलं. वाडीच्या शेवटच्या घरात लुईझा मावशी राहते, तिचा एकुलता एक मुलगा गॅब्रिएल. सॅन्टनच्याच वयाचा. मुंबईच्या गोदीत कामाला होता. ४४ सालच्या एप्रिलमध्ये गोदीत तो मोठा स्फोट झाला, त्यात गेला. अंगावरचा कपडासुद्धा मिळाला नाही. पेटी नाही, कबर नाही. सगळं गाव रडलं, कारण गॅब्रिएल गावाचा लाडका होता. तो ज्या ओट्यावर बसे त्या ओट्यावर गर्दी होई.

“आनि तुझा नवरा तवा मुका होता,” फ्लॉसी म्हणाली. “मुका म्हंजे, जीभ होती, पन बोलायचा नाय. कोनाच्या तोंडाकडं बघायचा नाय. झुलत बसायचा. पोरं दगड मारायची. गॅब्रिएल तेवढा त्याला जवळ घेऊन बसायचा. त्याची आय गेली, मंग त्याच्या चुलत्यानं, ऑगस्टीनकाकानं ठरवलं, याला ठान्याला येड्यांच्या हास्पिटलात ठेवायचा. त्यानं बैलगाडी पन सांगितली होती, इरारच्या ठेसनापर्यंत. गॅब्रिएलच्या म्हैन्याची मिस्सा झाली की दुसऱ्या दिवशी न्यायचं.”

“मंग?”

“मंग मिस्सा झाली. आमी देवळाच्या दारात उभे. आनि मागून गॅब्रिएल हसला.”

फ्लॉसीनं इथं पदर सावरला. सात वर्षांनंतरही तिच्या दंडावर काटा उभा राहिला होता.

“वळून बघितलं तर सॅन्टन. तेच हसू, तीच थाप. मंग बोलाया लागला, गॅब्रिएलसारखा, गॅब्रिएलच्याच गोष्टी. बायका रडाया लागल्या. फादर काय बोलले नाय. ऑगस्टीनकाका त्याच सांजेला जाऊन गाडीवाल्याला नको म्हनून आला. कबर नाय मिळाली बिचाऱ्याला, मंग कुठं जानार? सॅन्टन रिकामा होता, त्याच्यात शिरला.”

“सगळ्या गावाला ठावं हाय?”

“हो.”

“आनि मला कोनी सांगितलं नाय.”

“तू लगीन केलं असतंस काय?” फ्लॉसी म्हणाली आणि दोर ओढायला लागली.

बेलाला भीती वाटली त्याच्यापेक्षा जास्त राग आला. एका अख्ख्या गावानं मिळून तिला एका मेलेल्या माणसाच्या पदरी बांधलं होतं आणि वर जेवणावळीत वडे हादडले होते. घरी येऊन तिनं दोन लुगडी, फणी आणि रोजरीची माळ एका जुन्या चादरीत बांधली. वटार काही लांब नाही, तासाभरात पोचली असती. पण तिला एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. दर रविवारी मिस्सा झाली की सॅन्टन लुईझा मावशीकडे बसायला जाई, हे तिला ठाऊक होतं. आता का जातो तेही कळलं होतं. रविवार परवावर होता. गाठोडं तिनं तांदळाच्या कणगीमागे सारून ठेवलं.

रविवारी ती मागच्या वाटेनं लुईझाच्या घराशी गेली आणि कुडाला लागून उभी राहिली. पुढच्या ओट्यावर सॅन्टन कुणा वाटसरूची गोष्ट सांगत होता, गॅब्रिएलच्या मोकळ्या आवाजात. मग हसला. हा हा हा, थाप. इतक्या जवळून, कुडाच्या एका पातळ थरामागून. बेलानं तोंडावर हात दाबला.

मग लुईझाचा आवाज आला. शांत, एखादी बाई स्वयंपाकघरातून मीठ कमी आहे असं सांगते तसा.

“थाप उशिरा पडली, सॅन्टन.”

“तिसऱ्या हा-ला मारली.” हा सपाट आवाज. घरातला.

“तिसऱ्याबरोबर पडाया पायजे. तू तिसरा झाल्यावर मारलीस. पुना कर.”

पुन्हा हसू आलं. या वेळी थाप बरोबर पडली. मग म्हातारी म्हणाली, “हां. हा माझा पोरगा.” आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

सॅन्टन तिच्यासाठी पाणी ओढायला विहिरीकडे गेला, तशी बेला मागच्या दारानं आत शिरून पुढच्या ओट्यावर आली. लुईझाचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पांढरे झाले होते. तिनं मान वळवली.

“कोन, बेला काय? ये. तुझी पावलं मघाधरनं ऐकते मी.”

“हे काय चाललंय, मावशी?” बेलाचा आवाज चिरकला. “त्याच्या अंगात तुमचा मुलगा येतो म्हनतात. आनि तुमी त्याला शिकवता?”

“अंगात कोन येत नाय. माझा गॅब्रिएल मेला, तो मेला. ते कुत्रं बघ.” ओट्याखाली एक म्हातारं पिवळं कुत्रं पडलं होतं. “गॅब्रिएलनं पाळलं. तो वळनावर हसला की हितनं धावत सुटायचं. सॅन्टन सात वर्सं हसतो, त्यानं एकदा कान हलवला नाय. कुत्र्याला कळलं, गावाला कळलं नाय.”

“मंग तुमी सांगितलं का नाय गावाला?”

“सांगून?” म्हातारी हसली नाही. “मान्सं भुताला घाबरतात, पोरी. पन भुताला कोनी गाडीत घालून ठान्याला नेत नाय.”

मग तिनं सांगितलं. गॅब्रिएल गेल्यावर पंधराव्या दिवशी सॅन्टन तिच्या दारात आला होता. वर न बघता म्हणाला, मला गॅब्रिएल येतो. आणि त्यानं तिच्या मुलाचं चालणं, खोकणं, हाक मारणं, हसणं, सगळं तिच्यापुढे एका पाठोपाठ एक मांडलं. लहानपणापासून शेजारी बसून बघितलेलं, एक सांधा न चुकता.

“दुसरी आय असती तर किंचाळली असती. मी म्हटलं, पुना कर. तवा डोळे अधू झाले होते. कान होते. मला माझा पोरगा पायजे होता आनि त्याला ती गाडी नको होती. दोघांचं जमलं. फादरला कधी कबुलीत सांगितलं नाय मी हे.”

“मेलेल्या मान्साचं सोंग घ्यायची भीती नाय वाटली त्याला?”

“मेलेल्याची कशाला वाटंल? त्याला भीती जित्या मान्सांची.”

बेला भिंतीला टेकली. तिला जे विचारायचं होतं ते विचारायला धीर लागत होता. “मावशी, गॅब्रिएल काढून ठेवला, तर आत कोन हाय?”

“मला काय ठावं? मी कधी बघितलं नाय,” लुईझा म्हणाली. “बघाया पायजे होतं. तू बघ.”

त्या संध्याकाळी सॅन्टन मागच्या ओट्यावर झुलत होता. बेला त्याच्या समोर नाही, बाजूला बसली, त्याच्याकडे न बघता. तोंडाकडे बघितलं की तो घाईघाईनं तोंड शोधायला लागतो, एवढं तिच्या ध्यानात आलं होतं.

“मी कुडामागं होते,” ती म्हणाली. “ऐकलं सगळं.”

झुलणं थांबलं. “गाडी सांगितली?”

“कसली गाडी? नाय. मी फक्त इचारते. असं का करता तुमी?”

मग शब्द सुटे सुटे येऊ लागले. “लोकं बोलताना तोंडाकडं बघतात. माझं तोंड बरोबर नाय. मला आनंद झाला तरी ते हलत नाय. मंग लोकं दगड मारतात. गॅब्रिएलचं तोंड बरोबर होतं. सगळ्यांना आवडायचं. म्हनून ते घेतलं.”

“दमत नाय?”

“जबडा दुखतो. डोक्यात सगळं मोजाया लागतं. समोरचा बोलतो ते अर्धं ऐकू येत नाय, कारन पुढं काय करायचं ते बघाया लागतं. मंग झोप येते. झोपून उठलं तरी जात नाय ते.”

“आनि माझ्याशी लगीन कोनी केलं? फादरपुढं ‘होय’ कोन म्हनालं?”

“ते गावातल्या डॉमनिकचं. त्याच्या लग्नात मी पयल्या बाकावर होतो. गॅब्रिएलचं लगीन झालं नव्हतं, मंग ते डॉमनिकचं घेतलं.”

आपल्या लग्नातलं ‘होय’सुद्धा उसनं. कणगीमागचं गाठोडं तिला बसल्या जागी दिसत होतं. उठता उठता तिनं सहज, जायच्या आधी एकदा विचारून घ्यावं म्हणून विचारलं, “आनि रोज फळीवर सुकेळं ठेवता, ते कोनाचं?”

“ते कोनाचं नाय.”

“म्हंजे?”

“त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं असतं, ते ठेवतो. तसं करताना मी कोनाला बघितलं नाय.”

ती परत खाली बसली. अंधार पडेपर्यंत दोघं बसून राहिली आणि त्या रात्री गाठोडं सुटलं.

त्यानंतरचे महिने बेलाला आयुष्यभर पुरले. तिनं एकच सांगितलं, घरात गॅब्रिएल नको. तो म्हणाला बरं, आणि सांगितलेलं तो शब्दशः पाळी. बाहेर तो हसे, हातवारे करी, दार लोटलं की सॅन्टन. नारळ खवायला ती फ्लॉसीच्या ओट्यावर जाऊ लागली. झुलण्यात दुःख नसतं, कधी कधी सुखच असतं, हे तिला कळलं. तो केळ्याच्या सालीवर नुसतं बोट फिरवून पिकायला किती तास उरलेत ते सांगे आणि ते कधी चुकत नसे. माहेरच्या आरडाओरडीत वाढलेल्या त्या पोरीला घरातली शांतता गोड लागू लागली. पावसाळ्यात ऊन नाही, सुकेळी नाहीत. फळी रिकामी राहिली. तो रोज तिन्हीसांजेला येऊन डब्याच्या उजव्या अंगाला त्या रिकाम्या जागी हात लावून जाई.

ऑक्टोबरात लुईझा मावशी तापानं गेली.

अंत्यविधीला सगळं नंदाखाल जमलं. दुपारचं कडक ऊन, कबरस्थानात गवत माजलेलं. पेटी खाली उतरली, फादरनी लॅटिनमधली प्रार्थना संपवून पवित्र पाणी शिंपडलं. आता माती. पहिली मूठ मुलाची, मग नातेवाइकांची, मग गावाची, अशी रीत. लुईझाला एकच मुलगा होता. लोक एकमेकांकडे बघू लागले आणि हळूहळू सगळ्यांचे डोळे एका जागी जमले. सॅन्टनच्या भोवतीची माणसं आपसूक दोन पावलं मागे सरली.

ऑगस्टीनकाका पुढे आला. सात वर्षं जे कोणी तोंडानं उच्चारलं नव्हतं ते तो भर उन्हात, खणखणीत आवाजात बोलला.

“गॅब्रिएल, आयला माती दे.”

सॅन्टननं वाकून मूठभर माती उचलली. इथवर ठीक. मग तो उभा राहिला. बेला चार हातांवर होती, आणि काय होतंय ते त्या सगळ्या गावात तिला एकटीला कळत होतं. गॅब्रिएल जत्रेत कसा बोलतो, भांडण कसं मिटवतो, दुसऱ्याच्या मयताला खांदा कसा देतो, सगळं त्याच्यापाशी होतं. गॅब्रिएल स्वतःच्या आईला मूठमाती देताना मात्र कोणी बघितला नव्हता. सॅन्टन शोधत होता. डोळे भराभर हलत होते. आणि शोधता शोधता तो चेहरा, गावानं सात वर्षं बघितलेला, थोडा थोडा करून निघून गेला. आधी ओठ गेले, मग गाल, मग भुवया.

त्याची मान मागे गेली. “हा,” तो म्हणाला. एकदाच. उघड्या कबरीवर ते अर्धवट हसू ऐकून एक बाई मटकन खाली बसली. दोन-तीन माणसांनी क्रुसाची खूण केली.

“हे मला येत नाय,” सॅन्टन म्हणाला. सपाट, सुटे शब्द. गावानं तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. “गॅब्रिएल मेला. एप्रिलची चौदा तारीख, शुक्रवार. मी सॅन्टन. मावशी मला पुना कर म्हनायची.” आणि माती मुठीत गच्च धरून तो झुलायला लागला.

“गेला,” कोणीतरी कुजबुजलं. “आयला घ्यायला आला होता, घेऊन गेला.” ऑगस्टीनकाका मूठ सोडवायला पुढे झाला, तशी सॅन्टनच्या घशातून एक घरघर निघाली.

बेला मध्ये घुसली. नवऱ्याच्या अंगाला अंग लावून उभी राहिली, आणि झुलायला लागली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिनं ते त्याला झाकायला केलं. दोघं झुलली तर लोकांना वाटेल, दुःखानं हेलावलीत. पण त्याच्या लयीत लय मिळाली आणि तिला आपण काय करतोय त्याचा विसर पडला. पुढे, मागे. पुढे, मागे. आजवर सॅन्टननं सगळ्यांचं उचललं होतं. त्याचं कोणी उचललं नव्हतं. थोड्या वेळानं त्याची घरघर थांबली, बोटं सैल झाली आणि माती पेटीवर पडली. मग गावानंही आपली माती दिली, गडबडीनं, आणि पाय उचलले.

फाटकाशी ऑगस्टीनकाकानं बेलाला गाठलं. “पयल्यासारखंच झालं त्याचं,” तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, निदान तो तसं सांगे. “आता गाडी सांगाया पायजे. तू लहान हायस, तुला झेपनार नाय.”

“सांगा,” बेला म्हणाली. “त्या गाडीत मी पन बसनार. मंग वटारला जाऊन माझ्या बापाला सांगा, तुमची पोरगी कुठं पाठवली ते.”

बेलाच्या बापाला काका लग्नात एकदा भेटला होता. त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि तो निघून गेला.

ती घरी पोचली तेव्हा सॅन्टन पुढच्या ओट्यावर बसला होता. मागच्या नव्हे, पुढच्या, जिथून रस्ता दिसतो. धुतलेला सदरा घातला होता, केस पाण्यानं बसवले होते आणि मांडीवर गाठोडं होतं. चादर तिचीच, एप्रिलमधली. लुईझाचं पिवळं कुत्रं त्याच्या पायांवर मान टाकून झोपलं होतं.

“गाडी कधी येते?” त्यानं विचारलं.

“गाडी येनार नाय.”

“गॅब्रिएल गेला. तो नसला की गाडी येते. म्हैन्याची मिस्सा झाली की दुसऱ्या दिवशी, असं ठरलं होतं.”

सात वर्षं, दर सकाळी उठून हा माणूस त्या गाडीला एक दिवस मागे ढकलत होता. बेलाला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. मग डोळे पुसून ती त्याच्या शेजारी बसली.

“आली तर दोघं जाऊ,” ती म्हणाली.

दिवेलागणीपर्यंत दोघं बसली, गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गाठोडं घेऊन बसला. तीही बसली. रस्त्यानं माणसं गेली. पूर्वी जी थांबून दोन शब्द बोलत त्यांतली बरीच मान खाली घालून गेली, आणि पुढेही तशीच जात राहिली. फ्लॉसी तेवढी आली, न बोलता पेजेचं भांडं ठेवून गेली. तिसरा दिवस, चौथा, पाचवा.

सहाव्या दिवशी पिकवायच्या खोलीतून वास आला. सॅन्टननं मान वर केली. हंगामातली पहिली राजेळी तयार झाली होती आणि त्या दिवशी सोलली नसती तर काळी पडली असती. तो उठला. गाठोडं ओट्यावर ठेवून आत गेला आणि दिवसभर केळी सोलून मांडवावर मांडत राहिला, सगळ्यांचे देठ एका दिशेला.

तिन्हीसांजेला बेला चूल पेटवायला आत गेली. फळीवर, पितळी डब्याच्या उजव्या अंगाला, एक सोललेलं ओलं केळं होतं. त्याचं सुकेळं व्हायला अजून आठवडा लागला असता. कशाचाच क्रम कधी न मोडणाऱ्या सॅन्टनला तेवढं थांबणं जमलं नव्हतं.